नकुसाबाईचं मत

फाटक्या तोंडाची म्हणून करंजवाडीत माजा लौकिक हाय आन् मला त्येची काडीची लाज वाटत न्हाई. घरचा माणूस काश्मीरच्या बर्फात बंदूक घेऊन हुभा. हितं दोन एकर रान, एक म्हस आन् एक सासू. एवढं गप बसून सांभाळता येत असंल तर या, मला बी शिकवा. पर परवाच्या निवडणुकीत ह्याच तोंडातनं तीन अक्षरं बाहेर पडंनात. तीनच! त्येच्यापायी माजं पयलं मत जायची पाळी आली व्हती.

स्वराज्य येऊन दोन वर्सं झाली. ह्या खेपंला आमच्या गावपंचायतीला सगळ्यांना मत, बायामाणसांना सुदीक. एकवीस पुरी झाली की बास. मला बाविसावं लागलेलं. आमच्या आळीत जागा एक आन् हुभं दोघं. लालासाहेब तात्या राज्य करणाऱ्या पक्षाचं, त्येंची पेटी पिवळी. ज्ञानू भावजी इरोधी पक्षाचा, त्येची पेटी तांबडी. सायबाकडनं कागुद घ्यायचा, पडद्याआड जायचं आन् आपल्या पेटीत टाकायचा. वाचता येऊ दे न्हाईतर न येऊ दे.

लालासाहेब तात्यांचं नाव काढलं की माजी मान आपसूक खाली जाती. बेचाळीसला ह्या माणसानं घरदार सोडलं, पोलिसांना गुंगारा देत रानोमाळ हिंडला, शेवटी धरला गेला आन् दीड वरीस तुरुंगात बसला. सुटून आल्यावर हार घालून मिरवला असंल? छ्या! दुसऱ्या दिशी शाळंच्या पायाला दगडं वाहत व्हता. गावाच्या कामाला कोरेगावला जायचं तर भाकरी आपल्या फडक्यात बांधून नेणार. लालासाहेबानं कुणाचा पानाचा इडा फुकट खाल्ला असं सांगणारा एक माणूस दाखवा, मी त्येच्या घरी पाणी भरीन. असल्यांनी राज्य करावं, न्हाईतर कुणी करावं?

आन् ज्ञानू भावजी? त्यो आमच्या घरच्यांच्या जोडीनं पल्टणीत भरती झालेला. इटलीतनं पाय अधू करून परत आला. पारावर बसून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचतो आन् प्रश्न इचारतो. बास, तेवढंच करतो. पर चावडीत तात्यांच्या म्होरं हुभं राहून "का?" म्हणणारा गावात त्यो पयला. आधी माणसं हसायची. म्हणायची, लंगड्याला काम न्हाई. आता त्यो उठला की पंच मंडळी पटका सावरून बसत्यात.

मला तर दोघं बी हवं वाटायचं. घरात सासू नसली तर सून कशाला नीट भाकरी थापंल? आन् सून तोंडाळ नसली तर सासू तिला जगू दील का? राज्याचं बी तसंच असणार.

पर मत एकच. आन् ते कुणाला हे मी गेल्या होळीलाच ठरवलं व्हतं.

झालं काय, हिवाळ्यात सरकारनं लेव्ही लावली. लेव्ही म्हंजी पिकल्यातली ठरली तेवढी ज्वारी सरकारात घालायची, शहरातल्या रेशनला. घालू की, कोण नको म्हणतंय? पर आमच्या रानाला कागदावर बागायत म्हणून नोंद, आन् हीर आटून तीन वर्सं झालेली. बागायतीच्या हिशेबानं ज्वारी न्यायला माणसं दारात आली. आमचं धान्याचं पेव उघडलं तर मला रडूच आलं. तशीच पदर खोचून चावडीत गेले. तात्या पंचांच्या मधी बसलेलं.

"तात्या," मी म्हटलं, "जरा आमच्या हिरीत वाकून बघा! पाणी तुमच्या कागदात हाय, आमच्या हिरीत न्हाई!"

तात्या चिडलं न्हाईत. म्हणालं, "पोरी, तुजं खरं हाय. पर कागुद बदलंपातूर कागुदच चालतो. आज तुला सोडलं तर उद्या माजी भावकी दारात येईल आन् म्हणंल आमाला बी सोडा. मंग शहरातली माणसं काय माती खातील?"

ह्येच तर लागलं मला. माणूस वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. चांगला माणूस चांगल्या तोंडानं न्हाई म्हणतो तवा माणसानं जायाचं कुटं?

ज्ञानू भावजी तिथंच मागं बसला व्हता. दुसऱ्या दिशी अर्ज लिवला, माजा अंगठा घेतला आन् अधू पायानं तीन येळा कोरेगावच्या कचेरीत गेला. होळीच्या अंगाला नोंद बदलली. गेलेली ज्वारी परत आली न्हाई, पर फुडच्या सालचा घोर मिटला. तवाच मी पाणवठ्यावर सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं, माजं मत तांबड्या पेटीत. घरच्यांचं पत्र आलं, "तात्यांनी आपलं लगीन जुळवलं, मत पिवळ्यात टाक." मी मास्तराकडनं उलट लिहून घेतलं, बंदूक तुमच्या हातात हाय, कागुद माज्या.

तर असं सगळं ठरल्यालं. मत पडायला आठ दिस असताना ज्ञानू भावजी यादी घेऊन दारात आला.

"वैनी, यादीत तुमचं नाव, बनाबाई, कुटं दिसत न्हाई. तुमच्या घरात एकच बाई लिहिलीया, कुणी नकुसाबाई. ही कोण?"



आता ह्ये सांगायलाच पायजे. माजं म्हायेर आटपाडीकडं, माणदेशात. आमच्याकडं रीत हाय. पोरीमागं पोरी व्हायला लागल्या की शेवटच्या पोरीचं नाव नकुसा ठेवायचं. नको असलेली. म्हंजी देवाला कळावं, आता बास. मी चौथी. माज्या पाठीवर भाऊ झाला, तर आई म्हणायची बघ, तुजं नाव किती गुणाचं! गुणाचं कसलं? आईनं भाकरीला हाक मारली तरी कळायचं की आपण नको व्हतो. लग्नात मला शालू आवडला न्हाई, नवरा तर मुंडावळ्यांतनं दिसलाच न्हाई, पर ताटातल्या तांदळात अंगठीनं "बना" लिहिलं तवा मी हुंदका देऊन रडले. बायांना वाटलं म्हायेर सुटलं म्हणून रडती. मी मेली आनंदानं रडत व्हते. पाच वर्सांत करंजवाडीत ते नाव मी कुणाच्या कानावर जाऊ दिलं न्हाई. ठावं व्हतं फकस्त सासूला, आन् लगीन जुळवणाऱ्या तात्यांना.

आन् आता हा बाबा दारात हुभं राहून मोठ्यांदा इचारतोय, नकुसा कोण?

"कुणी न्हाई बा," मी म्हटलं. "चुकलं असंल मास्तराचं."

ज्ञानू भावजीनं मान हालवली आन् गेला. मी घरात शिरले ती थेट सासूवर.

माजी सासू साळूबाई. मायेनं वागती, पर डोकं आपलंच चालवती. मास्तर यादी करायला आला तवा मी रोजानं दुसऱ्याच्या उसात खुरपत व्हते. हिनं काय केलं? नावं इचारायला आलाय म्हंजी एकतर लेव्ही न्हाईतर पल्टणीत भरती, असं धरलं. सोताचं नाव लिवूच दिलं न्हाई, म्हणाली घरात बाई एकच. आन् माजं सांगितलं नकुसा.

"अगं, सरकारला खरं नाव कशाला द्यायाचं?" ती मलाच समजावती. "गावात कुणाला ठावं न्हाई असं नाव दिलं. बसू दे सरकाराला नकुसा हुडकत!"

"आवं आत्याबाय, सरकार न्हाई हुडकत! मत द्यायाला मलाच नकुसाला हुडकून न्यावं लागतंय!"

मास्तराची बदली झालेली. यादी छापून आलेली. आता वाट एकच. सगळ्या गावासमोर मी नकुसा म्हणून सांगायचं, न्हाईतर घरात गप बसायचं. सात दिस मी मनाशी भांडले. एक मन म्हणायचं, खड्ड्यात गेलं मत. दुसरं म्हणायचं, चावडीत बोंबललीस ती कशापायी? जन्मात पयल्यांदा तुला कुणीतरी इचारतंय, बाई तुला काय वाटतं, आन् तू नावापायी दार लावून बसणार?

गेले. शाळंत बायांची येगळी रांग. म्होरं टेबलाशी साताऱ्याचा सायब, डाव्या अंगाला पिवळ्या पेटीचा माणूस अर्जुना, तात्यांचा पुतण्या. उजव्या अंगाला ज्ञानू भावजी सोता. तात्या कुटं दिसलं न्हाईत. उमेदवारानं मत देणाऱ्यावर डोळं ठेवू नयेत म्हणून ते सकाळी आपलं मत टाकून मळ्यात पाणी पाजायला गेलं व्हतं.

"नाव?" सायबानं इचारलं.

तोंड उघडलं, आवाज फुटंना. मागनं बाया ढकलायला लागल्या. सायबानं परत इचारलं. मंग डोळं मिटलं आन् म्हटलं, "नकुसा."

मागं मनुबाई फिस्सकन हसली. "आत्ता गं बया! नकुसा म्हणं!" रांगंच्या शेवटापातूर ते नाव पोचलं. कान तापलं माजं. पर म्हटलं सुटले एकदाची.

कसलं सुटतंय! अर्जुना ताडकन उठला. "हरकत हाय सायेब! ही बनाबाई. आमच्या गावात नकुसा नावाची बाईच न्हाई. दुसरीच्या नावावर मत टाकती ही."

खोटं काय बोलला त्यो? त्येच्या म्हायतीत गावात नकुसा न्हवतीच. माजीच करणी.

सायबानं ज्ञानू भावजीकडं बघितलं. "तुम्ही ओळखता?"

माजा जीव भांड्यात पडला. आपला माणूस. मत बी त्येलाच. एक "व्हय" म्हणायचं, दुसरं काय?

ज्ञानू भावजी उठून हुभा राहिला. "ही सयाजीची बायकू, एवढं मी शपथेवर सांगतो सायेब. पर नकुसा हीच का, ते मला ठावं न्हाई. आठ दिसांमागं मी हिलाच इचारलं व्हतं. ही न्हाई म्हणाली."

त्या घडीला मी त्येला दातानं फाडला असता. मुडद्या, मत तुलाच की रं! आता शांतपणी इचार केला तर वाटतं, एका मतासाठी जो खोटी शपथ घेत न्हाई, त्येला मत द्यायाचं ठरवलं ते काय चुकलं न्हाई माजं.

सायब म्हणाला, "नाव पटवून देणारा माणूस आणा. नाहीतर मत देता येणार नाही."

सासूला आणायचं? ती सायबाला बघून म्हणायची, आमच्या घरात बाईच न्हाई. म्हायेर दोन दिसांच्या वाटंवर. उरला एकच माणूस, आन् त्येच्या इरोधात मी गावभर बोंब मारलेली. कुठल्या तोंडानं नाव घ्यावं? पर घेतलं.

"लालासाहेब तात्यांना ठावं हाय."

अर्जुना हसला. "काका येत्यात व्हय! तांबडी तांबडी करत हिंडलीस आन् साक्षीला काका?"

सायबानं कोतवालाला धाडलं. मी भिंतीला टेकून हुभी. बाया येत व्हत्या, मतं टाकून जात व्हत्या, माज्याकडं बघून पदरात हसत व्हत्या. मला वाटत व्हतं, येणार न्हाईत ते. कशाला येतील? मी असते तर मी बी आले नसते.

आलं. गुडघ्यापातूर चिखल, खांद्यावर खोरं, वाटंत कोतवालानं सगळं सांगितलेलं. दारातच खोरं ठेवलं आन् सायबाला रामराम केला.

"ही नकुसाच, सायेब," तात्या म्हणालं. "आटपाडीकडच्या गणू शिंद्याची चौथी पोर. बेचाळीसला मी त्येंच्या गोठ्यात चार महिनं लपून व्हतो. ही भाकरी आणून द्यायची. पोलीस आलं तवा पंधरा वर्सांची ही पोर त्येंच्या तोंडावर म्हणाली, गोठ्यात कुणी न्हाई. इचारल्यावर न्हाई म्हणायची खोड तिला तवापासनंची हाय." ज्ञानू भावजी सुदीक हसला. तात्यांनी हात पुसलं, साक्षीच्या कागदावर सही केली.

अर्जुना त्येंच्या कानाशी लागला. पर त्येचं कुजबुजणं बी आख्ख्या शाळंला ऐकू जाईल असं. "काका, तिचं मत तांबड्यात हाय!"

"गप रं," तात्या म्हणालं. "सायबांनी नाव इचारलंय. मत इचारलं न्हाई."

खोरं उचललं आन् गेलं. माज्याकडं बघितलं बी न्हाई.

सायबानं कागुद दिला. पडद्याआड गेले. दोन पेट्या, एक पिवळी, एक तांबडी. खरं सांगते, हात पिवळ्या पेटीकडं गेला. असला माणूस, आन् त्येला सोडून दुसरीकडं? कागुद पेटीच्या तोंडाला लागला सुदीक. मंग मनात आलं, बाई गं, साक्ष दिली म्हणून मत दिलंस तर त्यो सौदा झाला. ह्या माणसानं जन्मात कुणाचं पान फुकट खाल्लं न्हाई, आन् तू त्येच्या साक्षीची किंमत त्येच्या पदरात टाकणार? हात मागं घेतला. कागुद तांबड्यात टाकला आन् पदरात तोंड घालून बाहेर आले.

दिस मावळायच्या आत मोजणी झाली. ज्ञानू भावजी निवडून आला. एका मतानं.

एका! माजं मत नसतं तर दोघं समसमान, मंग चिठ्ठी टाकली असती, आन् चिठ्ठीत तात्यांचं नाव निघालं बी असतं. हलगी वाजली, गुलाल उधळला. मी भाकरी तशीच झाकून ठेवली. सासू म्हणाली, "तोंड लपवून बस आता चार दिस." पर माज्यानं बसवंना. सकाळी उठून तडक तात्यांच्या मळ्यात गेले. ते उसाला पाणी पाजत व्हतं.

"तात्या," मी म्हटलं, "तुमी माज्या मतानं पडला."

तात्यांनी वर बघितलं. "व्हय? आन् बाकीच्या एकशे बारा जणांनी तांबड्या पेटीत काय भाकरी टाकल्या?"

"चेष्टा नका करू. तुमी साक्ष दिली नसती तर..."

"तर काय? तू नकुसा न्हाईस असं सांगायचं व्हतं व्हय मी?" त्येंनी बांधावर बूड टेकलं, पायाचा चिखल निपटला. "हे बघ पोरी. काल मला झोप लागली न्हाई, ते खोटं कशाला बोलू? पडल्याचं लागतंय. पर तुरुंगात दीड वरीस बसलो ते पिवळ्या पेटीसाठी न्हवं. गावात पेटी यावी म्हणून बसलो. कुठल्या पेटीत टाकायचं ते तुजं तू बघ."

मला बोलवंना. मी, फाटक्या तोंडाची, आन् मला बोलवंना! नुसतं डोळ्यांतनं पाणी. वाकून त्येंच्या पायाला हात लावला तर त्येंनी पाय मागं घेतलं, चिखल हाय म्हणून.

"रडतीस काय? ज्ञानूला बघ," ते म्हणालं. "तुज्या एकटीच्या रानाची नोंद बदलली, पर आळीत अजून सात हिरी आटलेल्या हायत. त्येंचं करतो का बघ. दिवाळीपातूर वाट बघ आन् न्हाई केलं तर मला येऊन सांग. गेल्या खेपंला तू वरडलीस ते मी कागुद बघून ऐकलं न्हाई, चुकलं माजं. आता चावडीत मी मागं बसणार हाय, ज्ञानू बसायचा त्या जागी. आता इरोधात मी हाय."

मंग उठलं आन् फुटलेल्या पाटावर माती ओढायला लागलं.